सुवेळा माचीचं नेढं

माती मी आणली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःला सोडवून घ्यायचा प्रयत्न करीन, माझा स्वभाव मला माहीत आहे. पस्तीस वर्षं दिल्लीच्या शाळांत इतिहास शिकवलेली बाई कुठल्याही घटनेची सात कारणं काढून दाखवू शकते. इथे कारण एकच आहे.

दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी दर रविवारी मराठी मुलांचा वर्ग घ्यायचे. एकोणीस मुलं, पहिली ते पाचवीतली. आईबाप पुण्या-मुंबईचे, नोकऱ्या गुरगावला, आणि मुलं मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवणारी. पुस्तक उघडलं की त्यांना जांभया यायच्या, म्हणून मी पुस्तक बंदच ठेवलं. आम्ही जात्यावर ज्वारी दळली, बोरू तासून मोडीत आपापली नावं लिहिली, भोंडल्याला पाटावर हत्ती काढला. जे हाताला कळतं ते डोक्यातून जात नाही, असं मी आयांना सुनावत असे. सुनावणं हा माझा जुना छंद. मला कुणी आजी म्हटलं की मी ओ देत नाही, त्यामुळे आया आणि त्यांची मुलं दोघंही मला काकूच म्हणत.

दिवाळीला किल्ला करायचा हे ठरलेलंच होतं. प्रश्न मातीचा होता. आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा मागचं अंगण होतं, यजमान ऑफिसातून आले की कुदळ घ्यायचे आणि गल्लीतली सगळ्या प्रांतांची पोरं गोळा व्हायची. ती क्वार्टर्स आता पाडली. यजमानही गेले. द्वारकेत जमीन म्हणजे सिमेंटचे ठोकळे, आणि माळी कुंडीतली मूठभर माती मागितली तरी दागिना मागितल्यासारखा बघतो. आदल्या वर्षी विक्रांत नावाच्या एका हौशी वडिलांनी थर्मोकोल आणि रंगीत क्लेची पाकिटं आणली होती. त्या किल्ल्यासमोर मी तोंड वाकडं करून उभी राहिले होते. शिवाय दिल्लीची माती ती काय, चुलीतल्या राखेसारखी. तिचा डोंगर केला तरी तो आपला वाटत नाही.

फरीदाबादला मुरलीधर राहतो. मूळचा सोलापूरचा, यजमानांच्या ओळखीतला, तिथल्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं सुपरवायझर आहे. माझं रडगाणं ऐकून तो फोनवर म्हणाला की त्यांच्या कारखान्याच्या मागे रिकाम्या प्लॉटवर लाल माती आहे, अगदी महाबळेश्वरची आणून टाकल्यासारखी. दुसऱ्या दिवशी मी मेट्रो बदलत बदलत फरीदाबाद गाठलं.

प्लॉटच्या एका कडेला बंद पडलेली शेड होती. पाटी गंजून गेलेली, पत्रे उडालेले. आणि तिच्या आसपास सगळी जमीन लाल, जांभ्याच्या वाटेवर असते तशी, थोडी जास्तच शेंदरी. मी वाकून मूठभर उचलली. अडतीस वर्षं दिल्लीत काढून मी आता कशाने हळवी होत नाही, असा माझा समज होता. पण डोळे भरून आले. ही माती इथे कुठून आली, हा प्रश्न इतिहासाच्या बाईला पडायला हवा होता. पडला नाही. मला हवा तो रंग मिळाला होता.

तिथे भिंतीवर कपडे वाळत घालणारी एक बाई होती. आम्ही पोती भरतोय हे तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “आंटीजी, इस मिट्टी में तो घास भी नहीं जमती.”

मी म्हटलं, “हमें कौन-सी खेती करनी है.”

मुरलीधर हसला, मीही हसले. त्या वेळी माझ्या पर्समध्ये सामानाची यादी होती आणि तिच्यात तिसऱ्या ओळीवर अळीव लिहिले होते. किल्ला बांधून झाला की उतारावर अळीव पेरायचे, तिसऱ्या दिवशी हिरवळ फुटते, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही खेतीच करणार होतो. पण टेंपो बोलावलेला होता आणि पोती आठ झाली होती.

राजगड करायचा ठरवला. मुलांनी माती पिठाच्या चाळणीने चाळली, तेव्हा हॉलभर शेंदरी धूळ उडाली, पोरांचे केस रंगले, आयांनी फोटो काढले. एका आईने हातमोजे आणू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, “मावळे काय हातमोजे घालून गड चढले?” ती ओशाळली. मग तिच्या मुलानेही कोपरापर्यंत हात घातले.

अश्लेषा ही त्याच विक्रांतची मुलगी. सात वर्षांची, दुसरीतली, काडीसारखी, आणि उजव्या हाताचं एक बोट सदानकदा तोंडात. तिची आई रुचिता वर्गाला न चुकता घेऊन यायची आणि मागे लॅपटॉप उघडून बसायची. राजगडाला तीन माच्या आहेत, त्यातल्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, हे मी सांगितलं आणि विचारलं की सगळ्यात बारीक बोट कुणाचं. सगळ्यांनी अश्लेषाला पुढे ढकललं. तिने ओल्या मातीच्या भिंतीत बोट घातलं. भिंत तीनदा ढासळली, चौथ्यांदा उभी राहिली. तिने एक डोळा मिटून त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि मग ते बोट सवयीने तोंडात घातलं.

मी पाहिलं. मी तिथेच होते, दोन हातांवर. मी विचारलं, “काय गं, गडाची चव कशी आहे?”

“गोड आहे,” ती म्हणाली, आणि सगळे हसले.

अळीव उगवले नाहीत. तीन दिवस झाले, पाच झाले, आठवडा झाला. मी वाण्याला नावं ठेवली, जुना माल दिला म्हणून. रुचिताच्या आईने, कुमुदिनीबाईंनी, पुण्याहून ताजे अळीव कुरियर केले, ते पेरले, तेही उगवले नाहीत. बालेकिल्ल्यावर मात्र मुलांनी माळ्याची नजर चुकवून कुंडीतली काळी माती थापली होती. तिथे टोपीएवढी जागा हिरवीगार झाली. मी म्हटलं, तिथे ऊन लागत असेल. हॉल तळघरात होता. ऊन कुठेच लागत नव्हतं.

मग नोव्हेंबरात हवा बिघडली. दर वर्षीचंच ते, पण यंदा लहान मुलांच्या शाळा बंद करून वर्ग मोबाइलवर सुरू झाले. मुलांना बाहेर सोडायचं नाही असं डॉक्टर सांगत होते. आयांनी मला हात जोडले: काकू, किल्ला मोडू नका, तेवढंच एक ठिकाण आहे. मला तर कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याचीच वाट असते. किल्ला तुळशीच्या लग्नानंतरही राहिला. मुलं रोज यायची, मास्क लावून. अश्लेषा मास्क हनुवटीवर ओढायची आणि बोट तोंडात घालायची, आणि रोज सकाळी तिचं नेढं पुन्हा कोरून नीट करायची. रात्रीत ते थोडं ढासळायचं.

महिन्याच्या मध्याला तिचं पोट दुखायला लागलं. जेवेना, चिडचिडी झाली, तोंड पांढरंफटक. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग लोहाचं टॉनिक. सगळ्यांनी हवेला दोष दिला. मीही दिला.

गड उतरवायच्या दिवशी ती आली नाही. बाकीची माती माळ्याने वाफ्यांत नेऊन टाकली. मी ते नेढं मात्र सुरीने अलगद कापून घेतलं. मुठीएवढा वाळलेला गोळा, मधे भोक. मिठाईच्या डब्यात कापूस घातला, त्यावर तो ठेवला, आणि झाकणावर माझ्या अक्षरात लिहिलं: “सुवेळा माची. गडकरी: अश्लेषा.” घरी जाऊन तिच्या हातात दिला. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली, असं रुचिताने मला लिफ्टपर्यंत सोडायला येताना सांगितलं. मी खूश होऊन घरी आले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दूध पिताना तिला झटका आला. हॉस्पिटलात नेलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी रुचिताचा फोन आला. आवाज इतका सपाट की आधी मला ओळखताच आला नाही.

ती म्हणाली, “शिसं निघालंय, काकू. रक्तात. पाच असलं तरी काळजी करतात म्हणे, हिचं चौऱ्याऐंशी आहे.” मग डॉक्टरांनी काय काय विचारलं ते ती सांगत राहिली. भिंतीचा जुना रंग, स्वस्त खेळणी, सुटी हळद, काजळ, शेंदूर. खरा शेंदूर म्हणजे शिसंच असतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं. तिच्या घरात शेंदूर नव्हता. काजळ होतं, कुमुदिनीबाईंनी एरंडेलाच्या दिव्यावर धरून पाठवलेलं, आणि रुचिता ते रोज मुलीच्या डोळ्यांत घालायची. “आईनंच केलं बहुतेक,” ती म्हणाली. “आणि मी घातलं.”

मी फोन ठेवला आणि मुरलीधरला लावला. त्या शेडमध्ये काय व्हायचं, एवढंच विचारलं. तो म्हणाला, लोखंडी पुलांना, गेटांना आधी जो शेंदरी रंग मारतात ना काकू, त्याची भुकटी बनवायचे. पाचेक वर्षं झाली बंद होऊन. का हो?

मी म्हटलं, सहज.

इथून पुढे अकरा दिवस. मला ते एकेक करून मांडायचे आहेत, कारण माती आणताना मी अडाणी होते, पण या अकरा दिवसांत मी अडाणी नव्हते.

पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की खात्री कुठे आहे. काजळही असू शकतं. दुसऱ्या दिवशी खात्री करायला मी काही केलं का, तर नाही. रुचिताचा नंबर काढला आणि मोबाइल उशीखाली ठेवला. मला भीती कशाची होती ते स्पष्ट लिहिते. तुरुंगाची नव्हती. सोसायटीच्या गेटवर भाजी घेताना कुणी माझ्याकडे बघेल आणि मूल जवळ ओढून घेईल, याची होती. अडतीस वर्षं या शहरात मी “विजयाकाकूंकडे पाठवा, हाताला वळण लागेल” अशी होते. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला तो गोळा आठवला. म्हणजे पहिल्या मिनिटापासून आठवत होता, तिसऱ्या दिवशी उठून गेले. अश्लेषा आणि विक्रांत हॉस्पिटलात होते. मी भाजी-पोळीचा डबा घेऊन घरी गेले, मदत करायला आल्याचं सोंग घेऊन. ठरवलं होतं की गोळा गुपचूप पर्समध्ये टाकायचा, घरी आणून पुरायचा, आणि कुणालाच काही सांगायला नको. घरात रुचिता गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. दारात काळ्या पिशव्यांचा ढीग: हळद, तिखट, मसाले, खेळणी, रंगाच्या पेट्या, पितळी डबे. ढिगाच्या वर माझा मिठाईचा डबा उघडा पडलेला, आत नुसता कापूस. माझं अक्षर वर होतं.

मला हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तेच वाटलं. तिने सगळं टाकलंय, तेही टाकलं असणार. विचारायचं कशाला. विचारलं असतं तर तिने का म्हणून विचारलं असतं.

तेवढ्यात पुण्याहून कुमुदिनीबाईंचा फोन आला. रुचिताने तो स्पीकरवर तसाच जमिनीवर ठेवला आणि पुसत राहिली. बाई रडत होत्या. त्यांना दिल्लीला यायचं होतं. रुचिता म्हणाली, येऊ नकोस आई, विक्रांतलाही नको आहे, आणि मलाही आत्ता तुझ्याशी बोलता येत नाहीये. पलीकडून बाई एवढंच म्हणाल्या, मी तुलाही हेच काजळ घातलं होतं गं. रुचिताने फोन बंद केला. मी तिथे उभी होते, हातात डबा. मूग गिळून बसणं म्हणतात ते करायला बसावंसुद्धा लागत नाही.

पाचव्या दिवशी मुलगी घरी आली. औषधांनी शिसं अडतिसावर उतरलं होतं. मी देवापुढे दिवा लावला आणि ठरवून टाकलं की आता सांगण्यात काय अर्थ आहे, उगाच एकोणीस घरांत घबराट. बाकीची मुलं तर खाली सायकली फिरवत होती, मी गॅलरीतून मोजली. त्याच वाफ्यांच्या कडेने ती फिरवत होती, हेही मी पाहिलं. माळ्याची शेवंती वाळली होती.

नवव्या दिवशी काजळाचा रिपोर्ट आला. काजळ स्वच्छ होतं. रुचिताने मला मेसेज केला, खाली लिहिलं होतं, मग कुठून? मी उत्तर लिहायला घेतलं. “अगं, मला वाटतं” इथपर्यंत लिहिलं आणि पुसलं. मग हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

अकराव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पुन्हा तपासलं होतं. एकाहत्तर. डॉक्टर म्हणत होते, हाडांत साठलेलं थोडं रक्तात परत येतं, पण एवढं येत नाही, ती अजून कुठूनतरी खातेय. रुचिता म्हणाली, “घरात काही उरलेलंच नाही, काकू. आम्ही स्टीलच्या ताटात वरणभात खातो आणि जमिनीवर झोपतो. तरी वाढलंय.”

तेव्हा मला कळलं की गोळा टाकलेला नाही. चप्पल पायात होती की नव्हती आठवत नाही, मी निघाले. तिची सोसायटी आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर, रिक्षा मिळेना, मी चालत गेले आणि वाटेत पहिलं वाक्य जुळवत राहिले. गेटपाशी पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स वळून बाहेर पडत होती. गार्ड म्हणाला, बी ब्लॉकवाली बच्ची है, फिर से दौरा पड़ा.

हॉस्पिटलात आयसीयूच्या बाहेर बाकावर रुचिता एकटी बसली होती, विक्रांत आत सह्या करत होता. तिच्या मांडीवर मुलीची पिशवी होती. स्वेटर, पाण्याची बाटली, पेन्सिलींचं पाऊच. मी तिच्यासमोर उभी राहून सांगितलं. जुळवलेलं वाक्य आलंच नाही. फरीदाबाद, शेड, शेंदरी रंग, माती, नेढं, असे शब्दच सुटे सुटे आले.

तिने पिशवीत हात घातला. मग तिने पाऊच उघडलं. मला ती नंतर म्हणाली की या पाऊचला मुलगी कुणाला हात लावू देत नव्हती. पहिल्या वेळीही हॉस्पिटलात मागवून घेतलं होतं, चित्रं काढायची आहेत म्हणून. कुणी घेऊ नये म्हणून तिने आपला गड डब्यातून काढून आधीच तिथे लपवला होता.

तीन पेन्सिली, खोडरबर, आणि तो गोळा. मी दिला तेव्हा मुठीएवढा होता. आता लिंबाएवढा होता. भोक बोट फिरवून फिरवून गुळगुळीत झालं होतं आणि कडेला बारीक दातांचे ठसे होते.

रुचिताने तो तळहातावर धरला. नर्स पुढे येऊन म्हणाली, मॅडम, इसे छूइए मत, थैली में डाल दीजिए. तिने टाकला. मग हात बाकाला पुसला आणि मला विचारलं, “तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

तिथे खोटं बोलणं सोपं होतं. आजच कळलं म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता, तिचा माझ्यावर फार विश्वास होता.

“अकरा दिवस,” मी म्हटलं.

ती ओरडली नाही. मला वाटत होतं की ती मला मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने मोबाइल काढला, पुण्याचा नंबर लावला, आणि पलीकडून हॅलो यायच्या आत म्हणाली, “आई, तू नव्हतीस. तू ये.” मग तिला रडू फुटलं आणि ती तिच्या आईशी बोलत राहिली. मी तिथे आहे हे ती विसरली होती. थोड्या वेळाने मी निघून आले.

त्यानंतर जे व्हायचं ते सगळं रीतसर झालं. एकोणीसही मुलांचं रक्त तपासलं. सात जणांत शिसं जास्त निघालं, दोघांना औषधं सुरू आहेत. त्यातला एक हातमोजेवाल्या आईचा मुलगा. वाफ्यांतली माती मास्क लावलेल्या माणसांनी उचलून नेली. पोलिसांनी माझा जबाब घेतला, मुरलीधरचाही. तो मला फोन करत नाही. गेटवर भाजी घेताना लोक मुलं जवळ ओढत नाहीत, मी पोचेपर्यंत ते आधीच आत निघून गेलेले असतात. नंतर कुणीतरी मला सांगितलं की माती विषारी आहे का हे तपासायला प्रयोगशाळेत अळीवच पेरतात. आम्हीही पेरले होते. दोनदा.

अश्लेषा वाचली. झटका पाऊण तास चालला होता. उजवा हात नीट चालत नाही आणि बोलणं गेलंय. आई, पाणी, नको, असे सात-आठ शब्द उरलेत.

फेब्रुवारीत मी तिच्या थेरपीच्या ठिकाणी गेले. रुचिताने बोलावलं नव्हतं, अडवलंही नाही. कुमुदिनीबाई बाहेरच्या खुर्चीवर बसल्या होत्या, मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मी कोण ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मला जागा करून दिली.

काचेतून आतलं दिसत होतं. थेरपिस्ट तरुण होती, प्रेमळ होती. हातात ताकद यावी म्हणून मुलांना मळलेली कणीक देतात. तिने अश्लेषाला गोळा दिला आणि दाबून दाखवला, पोळी करून दाखवली, साप करून दाखवला. अश्लेषाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने गोळा टेबलावर उभा केला, उजव्या हाताचं बोट डाव्या हाताने धरलं, आणि गोळ्याच्या बरोबर मधे टेकवलं. बोट वाकडं व्हायचं, आत जायचं नाही. ती पुन्हा टेकवायची.

थेरपिस्टला ती काय करतेय ते कळेना. तिने काचेबाहेर आमच्याकडे बघून हातानेच विचारलं, काय हवंय हिला? रुचिता आत तिच्या शेजारीच होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिली, की मी सांगते का.

मी दार उघडून आत गेले आणि सांगितलं.